चिकट काळी माती: काढून टाकायची की कामाला लावायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला सासऱ्यांच्या बंगल्यामागची २० बाय १५ फुटांची जागा सात वर्षं तशीच पडून आहे. पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल मातीतच राहते आणि आता एप्रिलअखेरीला अशा भेगा पडल्यात की धाकट्याची गोटी आत गेली ती गेलीच. माळीदादा म्हणतात, फूटभर माती उचलून लाल माती भरा. दीर म्हणतात, एक-दोन ट्रॉल्या वाळू ओता. आणि तुम्हाला दिवाळीपर्यंत थोडी भाजी, चार गुलाब, कढीपत्ता आणि एक लिंबू हवंय.

दोघांचंही ऐकू नका. भाजी आणि कढीपत्ता दिवाळीपर्यंत होईल, गुलाब त्या सुमारास लावता येतील. लिंबाचं शेवटी बोलू.

मी नाशिकमध्ये २२ वर्षं बागा लावून देते. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग, त्यामुळे काळ्या मातीशी ओळख लहानपणापासूनची. तरी सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः गंगापूर रोडच्या एका बागेत वाळू घातली आहे. पुस्तकात वाचलं होतं, ‘जड मातीत वाळू मिसळा’. एक ट्रॉली पसरली, कुदळीने मिसळली, वरून पाणी मारलं. दीड महिन्यात त्या वाफ्याची अशी वीट झाली की खुरपं टणकन वाजायचं. मालक सज्जन होते, पैसे दिले, पण पुन्हा बोलावलं नाही.

असं का होतं? चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. वाळूचा कण त्याच्या कित्येक पट मोठा. थोडी वाळू घातली की प्रत्येक वाळूकणाभोवती चिकणमाती लिंपली जाते आणि उरलेल्या पोकळ्याही भरून निघतात. सिमेंटमध्ये खडी टाकल्यावर जे होतं तेच. वाळूचा खरा उपयोग व्हायला वाळूला वाळू टेकायला हवी, म्हणजे निम्मी माती तरी वाळूच हवी. तुमच्या जागेचा हिशेब करा: ३०० चौरस फूट, नऊ इंच खोली, म्हणजे २२५ घनफूट, सव्वादोन ब्रास माती. तितकीच वाळू आणायची आणि एकजीव मिसळायची! त्या पैशात बंगल्याला रंग देऊन होईल.

लाल मातीचं त्याहून वाईट. फूटभर खोल म्हणजे तीन ब्रास माती बाहेर, तीन ब्रास आत. भरल्यावर पहिले दोन महिने दिसते सुंदर. मग जुलैत काय होतं, तर लाल माती पाणी पटकन खाली सोडते आणि खालची काळी ते घेत नाही. तुम्ही जमिनीत एक तपेलं पुरलंय आणि त्यात झाडं लावली आहेत, असा तो प्रकार. गुलाब आधी पिवळे पडतात, मग खालून काळे. माळ्याला दोष नाही, त्याला माती बदलायचीच सवय. पण तुमची काळी माती फेकायची वस्तू नाही. ती पाणी धरते, अन्नद्रव्यं धरते आणि उन्हाळ्यात लाल मातीला रोज पाणी लागतं तिथे ही चार दिवस तग धरते. निफाडकडचे शेतकरी याच मातीवर जगतात. तुमच्या जागेत माती आहे, तिची घडण मोडली आहे. सात वर्षांपूर्वी तिथे बहुधा बांधकामाचं सामान पडलं असेल, वरून माणसं चालली असतील, नंतर हरळी माजली असेल. घडण परत आणायची, एवढंच काम आहे.

आता सगळ्यात आधी, काहीही विकत आणण्याआधी, एक खड्डा घ्या. दोन फूट लांब, दोन फूट खोल, जागेच्या मधोमध. माळ्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, पण स्वतः शेजारी उभ्या राहा आणि बाजूची भिंत बघा. नाशिकमध्ये हे फार बदलतं. गोदावरी, नासर्डी, वालदेवीच्या काठाकाठाने खोल काळी माती लागते, तर पांडवलेण्याच्या बाजूला थोडं खणलं की मुरूम. बंगल्यांच्या मागे तर तिसराच प्रकार असतो: वर चार इंच माती, खाली विटांचे तुकडे, गिलाव्याचा चुरा, एखादी गोणपाटाची चिंधी आणि मग मूळ जमीन. राडारोडा लागला तर तेवढा उचलून काढा. सिमेंटचा चुरा ठेवू नका, आधीच विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, माती आणखी विम्ल होते.

खड्ड्याच्या भिंतीत पांढरे खडे किंवा भुरकट पांढरा थर दिसतो का बघा. ती चुनखडी. खात्री नसेल तर त्या खड्यावर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले की चुनाच. तो थर किती खोलीवर लागला ते पट्टीने मोजून लिहून ठेवा, पुढे कामाला येईल. कधी खालच्या ढेकळाची एखादी बाजू तेल लावल्यासारखी चकचकीत आणि तिरपी निघते. घाबरू नका, माती फुगताना आणि आकसताना एकमेकांवर घासून ती गुळगुळीत होते, आणि तुमची माती अस्सल काळी असल्याची ती खूण आहे.

दुसरी परीक्षा ग्लासातली. वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ घ्या आणि फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. तासाभरात ते विस्कटेल, त्यात काही वाईट नाही. बघायचं ते पाण्याकडे. ढेकळाभोवती पाणी स्वच्छ राहिलं तर माती निरोगी. दुधाळ ढग पसरला तर मातीत सोडियम वाढलाय, आपण जिला चोपण म्हणतो ती. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं दिलेल्या बागांमध्ये हे दिसतं. जिप्सम टाका असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. जिप्समचा उपयोग फक्त या चोपण मातीत, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. नुसती जड आणि चुनखडीची माती असेल तर तिच्यात कॅल्शियम भरपूर आहेच, जिप्सम टाकून हाती फारसं काही लागणार नाही. ढग दिसला तरच जिप्समचा विचार करा, आणि तेव्हाही माती परीक्षणाचा अहवाल आल्यावर. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो न्यायची. अहवालात चार आकडे बघा: सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना. आपल्याकडे सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येतो. कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असला तर नवल वाटून घेऊ नका, पडीक जागेत तो असाच असतो. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर गेला तर गुलाब आणि कढीपत्ता पिवळा पडणार हे आत्ताच धरून चाला.

एक परीक्षा मात्र सध्या करू नका. खड्ड्यात पाणी भरून निचरा किती ते मोजायची. मे महिन्यात बादलीभर पाणी पाच मिनिटांत गायब होतं आणि माणूस खूश होतो. ते पाणी भेगांतून पळालेलं असतं. माती एकदा भिजून फुगली आणि भेगा मिटल्या की तोच खड्डा दोन दिवस तुंबून राहतो. ही मोजणी जुलैत करायची: फूटभर खोल खड्डा, एकदा भरून जिरू द्यायचा, पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरतं ते बघायचं. इंचभर उतरलं तर छान. अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर गादीवाफ्याशिवाय, म्हणजे उंच केलेल्या वाफ्याशिवाय, काहीच लावू नका.

आता त्या भेगा. तुम्हाला त्यांची लाज वाटते असं तुमच्या पत्रावरून दिसतं, आणि मला तुमचा हेवा वाटतो. काळी माती स्वतःच स्वतःची नांगरट करते म्हणतात ते याच अर्थाने. उन्हाळ्यात ती आकसून फाटते, वरचा भुगा भेगांत पडतो, पावसात फुगून मिटते आणि वरची माती खाली जाते. ही यंत्रणा फुकट चालू आहे, तिच्यात आपण फक्त योग्य माल टाकायचा. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पूर्ण वाळवा, चाळणीने चाळा आणि खराट्याने भेगांत लोटा. सोबत ओंजळभर वाळलेल्या पानांचा चुरा. भेग तोंडापर्यंत ठासू नका, वरचे दोन-तीन इंच मोकळे ठेवा, कारण पाऊस पडला की माती फुगणार आणि तिला जागा लागणार. मी एका वर्षी सिडकोतल्या एका बागेत असं केलं आणि पुढच्या जानेवारीत गुलाबासाठी खड्डा घेतला तर सव्वा फुटावर, जिथे आमची कुदळ कधी गेलीच नव्हती, तिथे तपकिरी शिरा होत्या आणि त्या शिरांमधूनच शेजारच्या वांग्याची पांढरी मुळं खाली उतरली होती. दीड फूट खणून खत घालायची मजुरी वाचली ती वेगळीच. ही संधी पहिल्या जोरदार पावसापर्यंतच असते, म्हणून खड्डा आणि भेगा ही दोन कामं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

फक्त घराच्या जोत्याला आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेल्या भेगांना हात लावू नका आणि तिथे पाणीही सोडू नका. काळी माती फुगली की भिंतीला ढकलते. भिंतीपासून दोन फूट पट्टा कोरडा आणि रिकामा ठेवा, त्याचा उतार भिंतीपासून उलट दिशेला द्या. बागेच्या नादात पायाला ओल लावलेली मी दोन घरं पाहिली आहेत.

हरळीचं काम याच दिवसांत होतं. कोरड्या मातीतून तिच्या कांड्या ओढून काढा आणि डांबरी रस्त्यावर किंवा गच्चीवर वाळत घाला, खताच्या खड्ड्यात टाकू नका. लव्हाळा असेल तर मात्र एका वर्षात तो जाणार नाही. त्याच्या गाठी फूटभर खोल असतात, प्लास्टिक अंथरून तापवलं तरी खालच्या जगतात. चार-पाच पानं आली की उपटायचं, पुन्हा आली की पुन्हा, म्हणजे गाठीतला साठा संपत जातो. दोन पावसाळे धरा.

यानंतरची गोष्ट कोणी तुम्हाला सांगितली नसेल आणि सगळं काम तिच्यावरच अवलंबून आहे. वाफसा.

शेतकऱ्याच्या घरात हा शब्द रोजचा. जमीन ना ओली ना कोरडी, तिच्यात हवा आणि पाणी दोन्ही खेळतंय, अशी अवस्था. काळ्या मातीत वाफशाची खिडकी फार लहान असते. आज चिखल, परवा वाफसा आणि आठवड्याने दगड. शहरातला माणूस रविवारी सुट्टी मिळाली म्हणून कुदळ घेतो. मातीला रविवार कळत नाही. ओल्या काळ्या मातीत एकदा कुदळ चालवली किंवा नुसतं तुडवलं, तरी कणांची रचना लिंपून जाते आणि वाळल्यावर जी ढेकळं होतात ती वर्षभर फुटत नाहीत. तुमच्या जागेचं जे झालंय ते बरंचसं असंच झालंय.

ओळखायचं कसं? चार इंच खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. बोटांना चिकटली, गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले, तर अजून थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर पोह्यांच्या गोळ्यासारखा भसकन मोकळा झाला, तर वाफसा. गोळाच होत नाही, तर उशीर झाला. दुसरी खूण अवजाराची: कुदळीने कापलेली ढेकळाची बाजू ओल्या चॉकलेटसारखी चकाकली की घरी जा. फाटल्यासारखी खडबडीत दिसली की काम करा. मोठा पाऊस झाल्यावर आपल्याकडे खोल काळ्या मातीला चार-पाच दिवस लागतात, श्रावणात तर कधीकधी येतच नाही. मग त्या महिन्यात खणायचं नाही, बस.

तुमच्यासाठी वाफशाची पहिली वेळ मेअखेरीच्या वळवाच्या पावसानंतर येईल. वळीव नाही आला तर एका संध्याकाळी नळी लावून खोल पाणी द्या आणि चार-पाच दिवस थांबा. वाफसा आला की चार दातांच्या फोर्कने नऊ इंचांपर्यंत माती उकरा. उलथी करू नका, वरची खाली आणि खालची वर करायची नाही. दात रोवायचे, मागे दाबायचे, ढेकूळ सुटलं की पुढे सरकायचं. ढेकळं फोडायची नाहीत. तशीच उन्हात पडू द्या. परदेशी व्हिडिओंत सांगतात की थंडीत माती गोठते आणि ढेकळं आपोआप फुटतात. आपल्याकडे ते काम ऊन करतं. कडक तापलेल्या ढेकळावर पाऊस पडला की ते भसाभस विरघळतं. आजोबा उन्हाळी नांगरट करून रान तापत टाकायचे ते यासाठीच. त्याच व्हिडिओंत चुना आणि लाकडाची राख टाकायला सांगतात, तेही करू नका. तो सल्ला आम्ल मातीसाठी आहे, आपली विम्ल आहे.

ढेकळं फुटली की वाफे पाडा. भिंत एकाच लांब बाजूला आहे असं धरून तिच्याकडचे दोन फूट सोडले तर तुमच्याकडे १३ फूट रुंदी उरते. साडेतीन फुटांचे तीन वाफे आणि मध्ये सव्वा फुटाच्या दोन वाटा, अगदी बरोबर बसतं. वाटांमधली चार-पाच इंच माती उचलून वाफ्यांवर टाका. ती माती, मोकळी झालेली खालची माती आणि दोन इंच कुजलेलं खत मिळून पाच-सहा इंच उंची आपोआप येते. वाटांना पुढच्या गटाराकडे दर दहा फुटांना एक-दीड इंच उतार द्या. पाऊस वाफ्यावरून वाटेत आणि वाटेतून बाहेर गेला पाहिजे. आणि इथून पुढे वाफ्यावर पाय ठेवायचा नाही, कोणीही, कधीही. साडेतीन फूट मुद्दाम सांगितलं, दोन्ही वाटांवरून हात मधोमध पोचतो. वाटांत रसवंतीवरचा वाळलेला चोथा अंथरा. सध्या उन्हाळ्यात रसवाले पोतीच्या पोती फुकट देतात, फक्त आणून दोन दिवस उन्हात पसरा, नाहीतर मुंग्या येतात.

खत किती? तीन वाफे मिळून २१० चौरस फूट. दोन इंच थर म्हणजे ३५ घनफूट, भेगांसकट अर्धा ब्रास धरा, साधारण पंचवीस गोण्या. एकदाच एवढं. पुढे दर वर्षी एक इंच पुरतं. वरच्या चार इंचांतच मिसळा. मातीचा कण आणि कुजलेला पदार्थ एकमेकांना धरतात, बुरशीचे तंतू आणि मुळांतून पाझरणारा चिकट रस त्यांना बांधतो, गांडुळं वर-खाली करतात. चहाच्या पावडरीसारखी रवाळ माती अशी घडते. त्याला दोन-तीन वर्षं लागतात, ट्रॉलीने ती घडण विकत मिळत नाही.

शेणखत घेताना मात्र हात घालून बघा. एकदा मी ओळखीच्या गोठ्यावरून, नाव कशाला घ्यायचं, अर्धवट कुजलेलं खत घेतलं. वरून काळंभोर, आतून गरम आणि वास मारणारं. त्याच्यासोबत हुमणीच्या अळ्या आल्या आणि ऑगस्टमध्ये गुलाबाची आठ झाडं मुळापासून कातरली. चांगल्या खताला पावसानंतरच्या मातीचा वास येतो, ते हाताला थंड लागतं आणि मुठीत धरलं तर शेणाचा तुकडा ओळखू येत नाही. जिवामृत, वेस्ट डीकंपोजर वगैरे जिवाणूंची द्रावणं द्यायची असतील तर जरूर द्या, वाईट काही नाही. पण ते विरजण आहे. दूधच नसेल तर दही कशाचं लागणार?

जूनमध्ये मृगाचा पाऊस स्थिरावला की भाजी लावायचा मोह आवरा आणि तिन्ही वाफ्यांत ताग पेरा. दोनशे ग्रॅम बी पुरेल, दाट पेरा. बियाण्याच्या दुकानात ‘हिरवळीच्या खताचा ताग’ म्हणून मागा. ताग नाही मिळाला तर धैंचा, तो तुंबलेल्या जागेतही येतो. ताग नत्र बांधतो हे सगळे सांगतात, पण मला त्याची मुळं हवी असतात. सरळ खाली जाणारं सोटमूळ कुजलं की त्या जागी एक नळी उरते आणि पुढच्या पावसाचं पाणी त्या नळीने उतरतं. साधारण ४५ दिवसांनी, फुलं यायच्या बेतात असताना कापा. उशीर केला तर खोड लाकडासारखं होतं आणि कुजता कुजत नाही. उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. वरचा पाला कोयत्याने वीतभर तुकडे करून तिथेच पसरा. वाफसा असेल तर हलकेच मातीआड करा, नसेल तर आच्छादन म्हणून वरच राहू द्या. तीन-चार आठवडे जाऊ द्या.

वाफ्यांच्या मागच्या टोकाला, एका ओळीत, चार-पाच तुरी टोका. जूनमध्येच. शेंगा जानेवारीच्या सुमारास खाल, पण तोवर तिची मुळं तुमच्या मातीत पहारीचं काम करत असतील आणि पिवळी पानं वाफ्यावर गळत असतील. तिच्याइतका स्वस्त मजूर नाशिकमध्ये मिळत नाही.

सप्टेंबरच्या मध्यापासून मेथी, पालक, शेपू पेरा. वांगी, कोबी, फ्लॉवरची रोपं लावा. एक वाफा हरभऱ्याला द्या. हरभरा काळ्या मातीतल्या थंडीच्या ओलीवर येणारं पीक, त्याला लाड लागत नाहीत आणि मुलं उभ्या उभ्या घाटे खातात. गाजर पहिल्या वर्षी नको, दोन-दोन पायांची निघतील. लसूण चालेल.

पाणी देताना रोज शिंपडू नका. काळ्या मातीत वरचा इंचभर रोज ओला ठेवला की मुळं वरच राहतात आणि खालचं रान कोरडं पडून फाटतं. थंडीत पाच-सहा दिवसांनी एकदा भरपूर. आणि जमीन उघडी ठेवू नका. तीन इंच पालापाचोळा कायम हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकभर शिरीष, बदाम, कडुनिंबाचा पाचोळा पडतो आणि लोक तो पेटवून देतात. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, तो पोती भरून देतो आणि वर आभारही मानतो.

गुलाब ऑक्टोबरमध्ये, वाफ्याच्या उंच भागावर लावा. खड्ड्यात खास मऊ मिश्रण भरायचं नाही, म्हणजे तेच तपेलं होईल. खणलेली तीच माती चौथा हिस्सा खत मिसळून परत भरा आणि खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत राहिल्या असतील तर खुरप्याने ओरखडे काढा. पुढे गुलाबाची किंवा कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या तर ती लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही दोन दिवसांत अडकून बसतं. म्हणून एक किलो हिराकस दहा किलो ओलसर शेणखतात आठवडाभर मुरवा आणि मग झाडाला दोन-दोन मुठी द्या. तातडीने हिरवं हवं असेल तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा. आमच्या द्राक्षवाल्यांचं अर्धं आयुष्य या पिवळेपणाशी झगडण्यात जातं, त्यामुळे तुमच्या कढीपत्त्यावर दिसला तर मनाला लावून घेऊ नका.

राहिलं लिंबू. लिंबाला पाय ओले चालत नाहीत आणि चुनखडीही सोसत नाही. खड्ड्याच्या भिंतीत पांढरा थर दीड फुटाच्या आत लागला तर जमिनीत लिंबू लावू नका, मोठ्या ड्रममध्ये लावा. अडीच-तीन फुटांपर्यंत स्वच्छ काळी असेल, म्हणजे दोन फुटी खड्ड्याच्या तळातून पहार फूटभर खाली घालून बघितल्यावरही पांढरं काही वर आलं नाही, तर दीड फूट उंच आणि चार फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्याच्या माथ्यावर पुढच्या जूनमध्ये लावू. दोन्हींच्या मधलं काही निघालं तर खड्ड्याचा फोटो पाठवा, भिंतीला पट्टी टेकवून, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. दुपारच्या उन्हात सगळीच माती पांढरी दिसते.